एकवीस ठिपक्यांचं वळण

"एका बाईच्या कोपऱ्यापायी आख्ख्या मुरुमची रेस अडून बसलीया. आन् बाई तरी कशी, ना हसायची, ना रुसायची," महालिंगप्पा कुरकुरले आणि तोंडातली सुपारी उजव्या गालातून डाव्या गालात सरकवली.

हे ते ज्या बाकावर बसून म्हणाले तो बाक त्याच बाईच्या सीटकव्हरच्या दुकानातला होता. बाकावरची मऊ गादीही तिनंच शिवलेली. जगदेवी पडद्यामागं जमिनीवर मांडी घालून एका जुन्या मोटारसायकलच्या सीटमधला कुजका फोम उपटत होती. दोघांच्या मधे हातभर अंतर आणि एक विटका पडदा. पण महालिंगप्पा पडले आडत व्यापारी, जन्मभर ओरडूनच सौदे केलेले. हळू बोलायचं म्हणजे काय, हे त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं. शेजारी बसलेले महारुद्र, रेस मंडळाचे दुसरे जुने गडी, "हळू हळू" म्हणून हातानं खुणावत होते आणि तेही खुणावता खुणावता बाक वाजवत होते.

जगदेवी फोमचा चुरा झटकून बाहेर आली.

"काका, सुपारी थुंकायची तर बाहेर जाऊन थुंका," ती म्हणाली. "रस्ता गावाचाय. कोपरा तेवढा माझा."

महालिंगप्पांनी सुपारी गिळली.

मुरुमच्या रेसची रीत ठाऊक नसेल त्याला ही कुरकुर कळायची नाही. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता बसस्टँडपासून मोटारसायकली सुटायच्या, आडत बाजार, पाण्याची टाकी, शाळेची भिंत असं करत गावाच्या पोटातून वळत वळत पुन्हा बसस्टँडला यायच्या. अशा बारा फेऱ्या. वाटेत सहा कोपरे आणि प्रत्येक कोपरा त्या त्या घराच्या जिम्म्याला. रेसच्या आधी मंडळानं त्या घरी विडा घेऊन जायचं. पान, सुपारी आणि एक रिकामं पोतं. घरानं विडा उचलला की तुरीच्या भुसकटानं पोती भरायची, कोपऱ्यावर रचायची आणि घरच्या एका माणसानं फडकं घेऊन उभं राहायचं. रस्ता मोकळा असला की पांढरं, नसला की लाल. सहातल्या एका जरी घरानं विडा नाकारला तर त्या साली रेस नाही. घराच्या दारातून जायचं तर घराला विचारून, एवढा साधा हिशेब.

आणि आणखी एक रीत होती, मानाच्या फेरीची. रेस सुटायच्या आधी मागल्या वर्षी जिंकलेल्यानं एकट्यानं, भरधाव, एक फेरी मारायची. ती बघायला माणसं कौलांवर, गच्च्यांवर, पाण्याच्या टाकीच्या शिडीवर चढायची. खरी मजा तीच. जळक्या तेलाचा निळा धूर गल्लीत तरंगायचा आणि पोरी पदर नाकाला लावून तोच धूर खोल ओढायच्या.

पाचवा कोपरा धोंडप्पांचा, म्हणजे जगदेवीच्या वडलांचा. एकोणीस वर्षांपूर्वी त्याच कोपऱ्यावर मानाची फेरी मारणारा एकवीस नंबरचा गडी पडला. पाय मोडला, रेस बंद झाली. धोंडप्पाच्या पोरीनं रस्त्यावर सडा टाकला आणि गाडी घसरली, असं गाव म्हणालं. धोंडप्पांनी पुढं कधीच विडा उचलला नाही. चार वर्षांमागं धोंडप्पा गेले, पण जगदेवीनंही उचलला नाही.

"आवंदा गोष्ट निराळी हाय," महालिंगप्पा आता अजिजीनं सांगू लागले. परवानगी आलेली. सोलापूर, कोल्हापूर, हैदराबादचे गडी येणार. आणि नव्या नियमाप्रमाणं कोपरे तपासणारा जाणता माणूसही बोलावलाय, थेट कोइमतूरवरनं. तिकडं खास रेसच्या सडका असतात, तिथं हाच धंदा करतो. उद्या येतोय. त्यानं हा कोपरा वाईट म्हटलं तर आमीच नाद सोडू.

"कोण माणूस?" जगदेवीनं विचारलं.

महारुद्र नाव सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात महालिंगप्पांनी त्यांच्या पायावर पाय ठेवला. चांगला दाबून ठेवला. जगदेवीनं ते पाहिलं, आणि तिच्या हातातली दाभण उगाच एकदा या हातातून त्या हातात गेली.

"येऊ द्या," ती म्हणाली.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी ती दारात सडा टाकत होती. नुसता सडा. रांगोळी तिनं एकोणीस वर्षांत काढली नव्हती. नव्यानं नांदायला आलेल्या सुनांना गल्ली आधी हेच सांगायची, की त्या दाराला रांगोळी नसते, विचारू नको.

"जरा थांबता का? माप घ्यायचंय."

तिनं मान वर केली नाही. तांब्यातलं पाणी तेवढं एका जागी जास्त पडलं.

"मापं दुपारी घ्यावीत," ती रस्त्याकडं बघत म्हणाली. "तवर वाळंल."

"दुपार कशाला? ह्या उन्हात अर्ध्या तासात वाळतंय."

दोघांच्या मधे ते वाक्य पडून राहिलं आणि दोघांनीही उचललं नाही.

मग तिनं वर पाहिलं. शिवानंदच होता, एकवीस नंबरचा… कानशिलांवर पांढरं, गळ्यात दोरीनं अडकवलेला चष्मा, हातात माप घ्यायचं चाक. उजवा पाय जरा बाहेर टाकून उभा राहिलेला. सदऱ्याचं दुसरं बटण गायब. एकोणीस वर्षांत माणसाचं काय काय जातं आणि हिच्या नजरेला बटण दिसावं, याचा तिला स्वतःलाच राग आला.

"कोइमतूरला सुई मिळत न्हाय काय?"

"मिळते की. पण दोरा ओवायला चष्मा लागतो. आन् चष्मा सापडंपर्यंत बटण कुठं ठेवलं ते विसरतंय."

"आन् पाय?"

"पाय बराय. पाऊस यायच्या आदल्या दिवशी सांगतो. तिकडची माणसं मला विचारून वाळवण घालतात."

ती हसली नाही. पण तांब्या कमरेला लावून उभी राहिली. घाईत असलेली बाई तांब्या असा कमरेला लावत नाही.

"त्या कुत्र्याचं पुढं काय झालं?" तिनं विचारलं.

त्यानं मापाचं चाक दोन वेळा मागंपुढं केलं. दवाखान्यात त्यानं सगळ्यांना सांगितलं होतं, कुत्रं आडवं आलं म्हणून गाडी वळवली, सड्याचा काही दोष न्हाय. ते कुत्रं दुसऱ्या कुणीच पाहिलं नव्हतं. गावानं ठरवलं, पोरगा भला, पोरीला बोल लागू नये म्हणून बोलतोय.

"कुत्रं… गेलं असंल म्हातारं होऊन," तो म्हणाला.

"कुठल्या रंगाचं होतं?"

"काळं."

"महारुद्रकाकांना तांबडं सांगितलं होतं."

"लई जोरात होतो मी, जगदेवी. तेवढ्यात रंग बदलला असंल."

आधी 'थांबता का' म्हणणारा, आता नुसतं 'जगदेवी'. तिनं ते ऐकलं. समोरच्या ओट्यावर लसूण सोलत बसलेल्या शांताक्कानंही ऐकलं. म्हातारीला एरवी दोनदा हाक मारावी लागायची.

*

दोन दिवसांनी दुपारी तो सीट घेऊन आला. त्याची जुनी गाडी महालिंगप्पांच्या गोदामात पोत्यांखाली एकोणीस वर्षं निजून होती. तिचं इंजिन त्यानं दोन दिवसांत फिरतं केलं होतं, कारण मानाची फेरी आता त्याच्याच नावावर होती. त्याच्यानंतर कुणी जिंकलंच नव्हतं, तर मान जाणार कुठं? एवढं सांगून तो महालिंगप्पांच्या त्याच बाकावर बसला. सीटला नवं कव्हर लागेल म्हणाला.

जगदेवीनं जुनं कव्हर उसवायला घेतलं. टाके तिचेच होते. बावीस वर्षांची असताना घातलेले, जरा जास्तच जवळ जवळ.

तेव्हा दुकान अप्पांचं, म्हणजे धोंडप्पांचं होतं. अप्पा काउंटरवर, ती मशीनवर. शिवानंद बसस्टँडजवळ गाड्या दुरुस्त करायचा आणि महिन्याला एकदा, कधी दोनदा, सीट फाटली म्हणून यायचा. रेसच्या गड्यांची सीट फाटायचीच, अप्पा म्हणायचे. पण घासून फाटलेलं रेक्झीन कसं असतं ते मशीनवर बसणाऱ्या पोरीला कळतं. त्याच्या धांदोट्या निघतात. हे मात्र दर वेळी सरळ रेघेत फाटलेलं असायचं, पेचकसाच्या रुंदीएवढं. ते पहिल्यांदा ओळखलं तेव्हा तिनं खाली मान घालून अर्धा तास तोच टाका उसवला आणि घातला. बोलणं म्हणाल तर एवढंच, "कधी देणार?" "परवा." "परवा नक्की?" "नक्की." आणि परवा आला की कव्हर तयार असूनही ती म्हणायची, उद्या या.

प्रेमात माणसं काय काय लिहितात, म्हणतात. या दोघांनी 'परवा' आणि 'उद्या' यावर दोन वर्षं काढली.

"ह्या खाली अजून चार चिरा हायेत," आता ती उसवता उसवता म्हणाली. "आतल्या फोमला. पेचकसाच्या."

"उंदरं असतील. गोदामात लई झालीत."

"सरळ रेघेत कुरतडणारी?"

"शिकलेली असतील," तो म्हणाला.

आणि या वेळी ती हसली. तोंडात दोरा होता म्हणून हसू अर्धंच बाहेर आलं. शिवानंद ते अर्धं हसू बघत राहिला. दुसरं अर्धं कुठं असेल, याचा अंदाज घेतल्यासारखा.

मग त्यानं पिशवीतून विडा काढून बाकावर ठेवला. पान, सुपारी, आणि घडी घातलेलं रिकामं पोतं. तिचं हसू तिथंच थांबलं.

"मी उचलला आन् परत कुणी पडलं तर?"

"तीन थर लावू पोत्यांचे. बाहेरच्या दगडाला गाद्या बांधू. मी तपासलाय कोपरा. वाईट न्हाय, नुसता तिरसट हाय."

"मागल्या वेळीबी पोती होती."

"मागल्या वेळी पोत्यांचा दोष नव्हता."

"मग कुणाचा होता?"

बाहेर रस्त्यावर ऊन पांढरं पडलं होतं. कडुलिंबाचा मोहोर वाऱ्यानं दारात आला होता. तो त्या मोहोराकडं बघत राहिला… आणि म्हणाला, "कुत्र्याचा."

जगदेवीनं कात्री खाली ठेवली. विडा उचलला नाही. सीट उद्या मिळेल, एवढंच म्हणाली.

*

तो गेल्यावर शांताक्का लसणानं भरलेलं सूप घेऊन रस्ता ओलांडून आली. ऐंशीच्या पुढची बाई, कुणाची भीड नाही. बाकावर बसली, विड्याकडं पाहिलं, मग जगदेवीकडं.

"उचल की गं."

"आक्का, तुमाला न्हाय कळायचं."

"मला न्हाय कळायचं? त्या दिवशी मी ह्याच समोरच्या ओट्यावर हुते. सगळं बघितलंय म्या. तुझा बाप जिता हुता तवर बोलायची सोय न्हवती, आन् मेल्यावर मला लाज वाटली. आता माझं वय झालं लाजायचं?"

"काय बघितलं?" जगदेवीचा आवाज बारीक झाला.

"सुम्मनिरु," म्हातारीनं कानडीत गप्प केलं. "मी कशाला सांगू? त्येच्याबी तोंडात जीभ हाय, तुझ्याबी." आणि लसणाचं सूप उचलून ती गेली. जाताना मात्र दारात थांबून म्हणाली, "चैत्रातला सडा किती येळ टिकतो, हे काय मी बायकांना शिकवू? आख्खी गल्ली सडा टाकती बाई."

जगदेवी मशीनपाशी येऊन बसली.

त्या दिवशी काय झालं होतं, ते तिनं आजवर स्वतःलाही सरळ सांगितलं नव्हतं.

आदल्या महिन्यात तिचं लग्न ठरलेलं. उमरग्याचा मास्तर, अप्पांच्या पसंतीचा. मोटारसायकलवर जीव टांगणारा गडी अप्पांना जावई म्हणून चालणार नाही, हे ती न विचारताच समजून होती. सांगायला तोंड नव्हतं. मग पहाटे उठून तिनं सडा टाकला आणि त्यावर रांगोळी घातली. रोज उंबऱ्यापुढं हातभर असायची. त्या दिवशी एकवीस ठिपके, एकवीस ओळी. त्याचा नंबर एकवीस होता. रांगोळी उंबऱ्यापुढून रस्त्यावर गेली, रस्त्याच्या मधोमध गेली. कुणी मोजली असती तर कळलं असतं, पण रांगोळीचे ठिपके कोण मोजतं? मानाच्या फेरीत तो एकटा येणार, सगळ्यांच्या आधी येणार. त्याच्या चाकाला आपला रंग लागावा, तेवढ्या रंगानं तो गावभर फिरावा, बस्. मग खुशाल करावं मास्तराशी लग्न. बाविसाव्या वर्षी माणसाला असलं काहीतरी पुरेसं वाटतं.

नऊ वाजता ती पांढरं फडकं घेऊन दारात उभी होती. सडा कधीच वाळून रस्ता खडखडीत झालेला. शाळेच्या भिंतीकडून आवाज आला, मग गाडी दिसली, पेट्रोलच्या लाल टाकीवर वाकलेला तो… कोपऱ्यात शिरला आणि एका निमिषासाठी त्याची नजर जमिनीवर गेली. हँडल बाहेरच्या बाजूला वळलं. गाडी पोत्यांवर, पोत्यांवरून दगडावर.

माणसं त्याच्याकडं धावली. अप्पा दुकानातून बाहेर आले. त्यांनी पोराकडं नाही, रस्त्याकडं पाहिलं. रांगोळी जशीच्या तशी होती. एक कण हललेला नव्हता. अप्पांचे ओठ हलले… ते टाके मोजणारे गृहस्थ, पहिली ओळ मोजली त्यांनी. मग आत गेले, हौदातली बादली आणली आणि ओतली. दुसरी आणली, ओतली. शिवानंदला उचलून नेताना माणसांनी मागं वळून पाहिलं तेव्हा रस्ता ओला होता आणि पांढरं पाणी गटारीला चाललं होतं. "सडा टाकलाय येडीनं," कुणीतरी म्हणालं. अप्पांनी नाही म्हटलं नाही. तिनंही नाही.

पाण्याचा दोष सोपा होता. तो घेतला की बाकी काही विचारत नव्हतं कुणी. मास्तराला तिनं नकार कळवला, कारण सांगितलं नाही. अप्पांना पुढं अर्धांगवायू झाला, दुकान तिच्यावर आलं, दिवस गेले.

पण बाई एका गोष्टीवर उभी होती, मनातल्या मनात. त्यानं माझी रांगोळी चुकवली. आणि तो मात्र कोइमतूरला जाण्याआधी गावाला सांगून गेला, कुत्रं आडवं आलं. पहिली काही वर्षं तिला वाटलं, माझ्या अब्रूसाठी म्हणाला. मग वाटायला लागलं… खरंच आलं असेल तर? कुत्रं काय, येऊ शकतं. एकोणीस वर्षं आपण एका कुत्र्यावर काढली असतील तर? विडा नाकारायचा तो याच भयानं. रेस आली की तो येणार, तो आला की विचारावं लागणार.

आणि आता विचारून झालं होतं. काळं म्हणाला. तांबडं म्हणाला. खरं काही म्हणाला नाही. आता विचारायचं ते त्या कोपऱ्यालाच.

तिन्हीसांजेला तिनं विड्यातलं पान उचललं, चुना लावला, सुपारी ठेवली आणि खाल्लं. मग रिकामं पोतं खांद्यावर टाकून भुसकट आणायला महालिंगप्पांच्या आडतीवर गेली. महालिंगप्पा तिचे लाल ओठ बघून खुर्चीतून उठलेच. बसायला विसरले.

*

पोती भरायला शिवानंद आला. सांगितलं नव्हतं तरी आला. तिनं पोत्याचं तोंड धरायचं, त्यानं घमेल्यानं भुसकट ओतायचं, मग तिनं दाभणीनं शिवायचं. भुसकट दोघांच्या केसांत, पापण्यांवर. तो तिकडच्या गोष्टी सांगत होता. घरमालकीण तमिळ बाई, दर संक्रांतीला एक स्थळ आणायची. ह्याला भाषा येत नव्हती तोवर नकार द्यायला जड जायचं, भाषा आली तेव्हा तिनंच नाद सोडला. दर दसऱ्याला महालिंगप्पांना फोन करायचो, म्हणाला.

"काय विचारायला?"

"कोपऱ्यावर खड्डे किती झाले."

"आन् ते काय सांगायचे?"

"खड्डे बुजवले, म्हणायचे. दाराला रांगोळी अजून न्हाय, म्हणायचे." तो घमेलं भरायला वाकला. "मास्तराचं मला चार वर्षांनी कळलं. तवर पाय असा झालेला. म्हटलं, लंगड्यानं काय तोंड घेऊन यावं… मग नुसतेच खड्डे विचारत राहिलो."

तिची दाभण बोटात शिरली. त्यानं हात पुढं केला, अर्ध्यावर थांबवला आणि खिशातला रुमाल पोत्यावर ठेवला. तिनं तो बोटाला गुंडाळला. रुमाल धुतलेला होता, घड्या करकरीत. तिनं तो परत दिला नाही आणि त्यानं मागितला नाही.

"रेस झाली की?" तिनं विचारलं.

"दुसऱ्या दिवशी सोलापूरवरनं गाडीय. तिकडं काम पडलंय."

"मग बराच येळ हाय म्हणायचा," ती म्हणाली, आणि पोत्याला गाठ मारली.

*

पाडवा झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी सातपासूनच गाव फुलून गेलं. फ्लेक्स, पताका, भोंगे. हैदराबादचे गडी चैत्राच्या उन्हात अंगभर कातडं घालून आलेले आणि घामानं न्हाऊनही हसत फोटो काढून घेत होते. वर एक यंत्र भुंग्यासारखं घोंघावत चित्रं टिपत होतं. गच्च्यांवर पोरी, डोळ्यांवर काळे चष्मे. पोती सहाही कोपऱ्यांवर तीन तीन थर.

आणि पाचव्या कोपऱ्यावर, पहाटे पाचला टाकलेल्या सड्यावर, जगदेवीनं रांगोळी घातली होती.

गल्लीतल्या बायका एकेक करून दाराशी आल्या. शांताक्कानं ओट्यावर पाय पसरून पहिली ओळ मोजली, बोटांवर, सगळ्यांना दिसेल अशी. मग समाधानानं पदर सारखा केला.

नऊ वाजले. भोंग्यावर महालिंगप्पांचा आवाज फाटला, मानाची फेरी सुटलीय म्हणून. बसस्टँडकडून तो जुना आवाज उठला, आजकालच्या गाड्यांसारखा घुमणारा नाही, टाळ्या वाजवल्यासारखा कडकडीत. गल्लीतल्या चाळिशीपुढच्या सगळ्या माणसांच्या माना एकदम वळल्या. निळा धूर आधी आला, मग वास, मग शाळेच्या भिंतीआडून ती लाल टाकी. जगदेवी दारात पांढरं फडकं धरून उभी होती. बावीस वर्षांची असताना धरलं होतं तसंच, दोन्ही हातांनी.

तो कोपऱ्यात शिरला. नजर खाली गेली.

गाडी थांबली. रांगोळीच्या अलीकडं, वीतभरावर. पुढचं चाक पहिल्या ठिपक्यापाशी. इंजिन धडधडत राहिलं आणि शिवानंद खाली बघत राहिला. त्याचेही ओठ हलत होते. तो मोजत होता.

"काय झालं रे?" गच्चीवरून कुणीतरी ओरडलं. "वल्लंय का? सडा टाकला जणू बाईनं परत."

जगदेवीनं फडकं खांद्यावर टाकलं. अनवाणी रस्त्यावर आली, रांगोळीच्या कडेला वाकली आणि तळवा रस्त्यावर दाबला. वर धरला तेव्हा तळव्याला नुसती धूळ होती, कोरडी. तिनं तो गच्चीला दाखवला, गल्लीला दाखवला, मग त्याच्यासमोर धरला.

"वाळलाय," ती म्हणाली. मोठ्यानं नाही. पण भोंगा नेमका गप्प झाला होता आणि गल्लीत लसूण सोलल्याचासुद्धा आवाज नव्हता. "त्या दिवशीबी वाळला होता. पाणी अप्पांनी मागनं ओतलं. आन् कुत्रं नव्हतं, शिवानंद. काळं नव्हतं, तांबडं नव्हतं. तुमी माझी रांगोळी चुकवली."

त्यानं हेल्मेट काढलं. पांढरे केस घामानं कपाळाला चिकटले होते. समोरच्या ओट्यावर शांताक्कानं डोळ्याला पदर लावला आणि शेजारणीला कोपरानं ढोसलं.

"व्हय," तो म्हणाला. "मोडवंना. तू काढलेली… आन् आज मोजली, तर माझ्या नंबराची. कशी मोडणार?"

"येडे हाय तुमी," जगदेवी म्हणाली. तिच्या ओठांवर हसू होतं, या वेळी पुरतं. "ती तुमच्या चाकाखाली यावी म्हणूनच काढली होती. आज चुकवू नका. वरनं जावा. मी उद्या परत काढीन… बघायला तुमी इथं असलात तर."